मला नाच कळत नाही, मी पोराच्या काय कामाचा?

पत्र

ताई, नमस्कार. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्यात माझी तीन एकर धानाची शेती आहे. धाकट्या पोरानं यंदा बारावीची परीक्षा दिली. लहानपणापासून तो मंडईच्या जत्रेत दंडारीत, म्हणजे आपल्या इकडच्या लोकनाट्यात, नाचायचा. पाच वर्षांपासून तालुक्याच्या गावी एका मॅडमकडे कथक शिकतो, मध्यमा पूर्णची परीक्षा पास झाला आहे. आता म्हणतो, नाचातच पदवी करीन. छत्तीसगडातल्या खैरागडच्या विद्यापीठाचं आणि पुण्याचं नाव घेतो. दोन्हीकडे म्हणे नाचून दाखवावं लागतं, मग घेतात. माझा मोठा भाऊ म्हणतो, पोट्ट्याले नाच्या बनवतं का. बायको पोराच्या बाजूनं आहे. मला त्याला अडवायचं नाही, पण मी दहावी शिकलेला माणूस. तो घरी पाय आपटतो तेव्हा बरोबर आपटतो की चूक, तेही मला कळत नाही. तिथे काय विचारतात? कुठे पाठवावं? पुढे पोट भरेल का? दंडारीत नाचतो हे सांगावं की लपवावं? आणि मी त्याच्या काय कामाचा?

— एक वडील, जिल्हा गोंदिया

उत्तर

भाऊ, नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्र वाचून झालं तरी तोच प्रश्न माझ्या मनात राहिला.

मी नागपुरात बावीस वर्षं कथक शिकवते. प्रवेशाच्या चाचणीला जाणारी मुलं आणि त्यांचे आईवडील दोन्ही जवळून पाहिले आहेत. नाच कळणाऱ्या पालकांनीही घोळ घातलेले पाहिले, आणि त्यातली एक पालक मी स्वतः आहे. माझी लेक चाचणीला गेली तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात मी इतर आयांशी बोलत बसले. कोण किती वर्षं शिकतंय, कोण विशारदची वरची परीक्षा पास झालंय, सगळं विचारलं आणि लेकीचा नंबर यायच्या आधी तिच्या कानात सांगितलं, "ती निळ्या कुर्त्यातली विशारद आहे, नीट कर." आत गेल्यावर तिनं घाईनं तत्कार, म्हणजे पायांचं मूळ काम, सुरू केला, चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, लय सुटली ती सुटलीच. त्या वर्षी तिला घेतलं नाही. परीक्षकांचा त्यात काही दोष नव्हता. तिच्या पायात जे ओझं घातलं ते मी घातलं होतं. पुढच्या वर्षी ती मैत्रिणीबरोबर गेली आणि तिला प्रवेश मिळाला.

म्हणून सांगते, नाच न कळणं ही तुमची उणीव समजू नका. तुमच्या पोराला दुसरी मॅडम नको आहे. त्याला ताल धरणारा माणूस हवा आहे, आणि ताल धरणं तुम्ही आठवडाभरात शिकाल.

रात्री जेवणं झाली की अंगणात त्याच्यासमोर बसा. तीनतालाच्या 16 मात्रा असतात, चार-चारचे चार भाग. "धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा." पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर टाळी, नवव्या मात्रेवर टाळी न वाजवता हात नुसता बाजूला उघडायचा, त्याला खाली म्हणतात, आणि तेराव्या मात्रेवर पुन्हा टाळी. सोळा झाल्या की परत पहिली. ती पहिली मात्रा म्हणजे सम. पोरगाच तुम्हाला शिकवेल. बापाला काही शिकवायला मिळालं तर त्याचाही जीव थोडा मोठा होईल.

हात बसला की त्याला म्हणा, आता एक तोडा म्हणून दाखव. तोडा म्हणजे नाचाच्या बोलांची छोटी रचना. नाचायचं नाही, तोंडानं बोल म्हणायचे, ताल तुम्ही धरायचा. याला पढंत म्हणतात आणि चाचणीत ती हमखास करायला लावतात. बरेच तोडे तिहाईनं संपतात, म्हणजे एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवटचा 'धा' समेवर पडतो. तो 'धा' आणि तुमची पहिली टाळी एकदम पडली पाहिजे. पुढे-मागे झाली तर तुम्हाला ऐकू येईल. आरतीत एखादी टाळी चुकली तर लगेच कळतंच की, तसंच हे. चुकलं तर रागवू नका, समजावूही नका. "पुन्हा एकदा" एवढंच म्हणा. पाय बरोबर पडतो की चूक हे कळत नाही असं तुम्ही लिहिलंत ना, या एका गोष्टीपुरतं महिनाभरात कळायला लागेल.

आता जमिनीचं. तुम्ही लिहिलं नाही, पण खेड्यातलं घर म्हणजे एकतर सारवलेलं अंगण नाहीतर सिमेंटचा ओटा. सारवलेल्या मातीत पायाचा आघात मुरतो. घुंगरू वाजतात, पण तळव्याचा, टाचेचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, आणि मुलाला वाटतं की आपला तत्कार स्वच्छ आहे. चाचणीच्या खोलीत कडक फरशी असते. तिथे अर्धवट पडलेला प्रत्येक पाय उघडा पडतो. उलट रोज दोन-दोन तास सिमेंटवर केलं तर नडगी आणि गुडघे धरतात. म्हणून रोजचा जास्तीचा रियाज अंगणात होऊ द्या, आणि शेवटचे तीन आठवडे दिवसाआड अर्धा-पाऊण तास शाळेच्या वर्गात किंवा समाजमंदिरात, फरशीवर. मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना विचारायचं काम तुमचं. पोरगा संकोचानं विचारणार नाही.

दुसरी गोष्ट तबल्याची. खेड्यातली बहुतेक मुलं आता मोबाइलमधल्या तबल्यावर आणि लेहऱ्यावर, म्हणजे तालाच्या मात्रांवर फिरत राहणाऱ्या सुरावटीवर, रियाज करतात. मोबाइल कधी दमत नाही आणि कधी चुकत नाही. चाचणीत मात्र बहुतेक ठिकाणी तबल्यावर माणूस बसलेला असतो, पेटीवर लेहरा धरणारा दुसरा माणूस असतो. ते विचारतात, "लय कोणती ठेवू?" इथे मुलं गांगरतात. त्यानं हातानं टाळी देऊन, तोंडानं चार मात्रा म्हणून लय सांगायची असते, आणि ती फार चढी वाटली तर "थोडी कमी करा" असं नम्रपणे म्हणायचं असतं. हे म्हणायला काही हरकत नसते. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाच्या भजनाला तबला वाजवणारा कोणीतरी असेलच. त्याला कथकचे बोल येत नसले तरी तीनतालाचा ठेका येतो. पाच-सहा संध्याकाळी त्याला घरी बोलवा, चहा पाजा आणि पोराला जिवंत हाताबरोबर नाचू द्या. कधी मुद्दाम लय बदलायला सांगा. मोबाइलवर महिना घालवून जे येणार नाही ते त्या पाच संध्याकाळी येईल.

चाचणीत साधारणपणे काय असतं ते सांगते. तीनतालात तत्कार, बराबर, दुगुन, चौगुन, म्हणजे एकपट, दुप्पट, चौपट लयीत. थाट, आमद, दोन-चार तोडे-तुकडे, एखादं परण, एखादी गतनिकास, ही सगळी नावं पोराला माहीत असतील. हातावर ताल धरून पढंत. झपतालाचा ठेका म्हणून दाखव, असंही म्हणतात, त्याच्या 10 मात्रा. बरेचदा परीक्षक एखादा छोटा तुकडा तिथल्या तिथे शिकवतात आणि करायला लावतात. मूल किती लवकर उचलतं हे त्यांना बघायचं असतं. त्यात चुकलं तरी चालतं, पण चुकल्यावर थांबून रडवेलं होऊन चालत नाही. शेवटी थोडं बोलणं: कुणाकडे शिकलास, नाच का शिकायचाय. आणि हे त्याला आधीच सांगून ठेवा, परीक्षक दोन मिनिटांत "बस" म्हणाले तर ते नापास नव्हे. बाहेर पन्नास मुलं उभी असतात, पाहायचं ते पाहून झालं की थांबवतात.

कपडे साधेच हवेत. धुतलेला कुर्ता, चुडीदार, कमरेला घट्ट बांधलेली ओढणी. भाड्याचा जरीचा पोशाख आणू नका. घुंगरांची दोरी ऐन वेळी तुटते, तेव्हा एक जास्तीची दोरी पिशवीत असू द्या.

आता दंडारीचं, आणि तुमच्या मोठ्या भावाचं. या दोन्हींचं उत्तर मला एकच दिसतं.

लपवू नका, भाऊ. छत्तीसगडच्या रायगडला राजा चक्रधर सिंह होऊन गेले. स्वतः तबला-पखवाज जाणणारे, कथकवर जीव असलेले. त्यांच्या दरबारातून कथकचं एक घराणंच उभं राहिलं. त्या घराण्याचं मोठं नाव म्हणजे पंडित कार्तिकराम. हे कार्तिकराम छत्तीसगडच्या खेड्यात गम्मतीत, म्हणजे तिकडच्या लोकनाट्यात, नाचणारं पोर होतं. राजानं नाच पाहिला, दरबारात नेलं आणि गुरूंच्या हाताखाली घातलं. आपल्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भात, खडी गम्मत आहे, दंडार आहे. तिकडची गम्मत आणि आपली गम्मत यांच्यामध्ये सीमेवरचा दरेकशाचा डोंगर तेवढा आहे. तुमच्या पोरानं मंडईत रात्र रात्र शेकडो लोकांसमोर नाच केला आहे. शहरातल्या क्लासमधल्या मुलांनी वर्षातून एकदा वार्षिकोत्सवात पंधरा मिनिटं केलेला असतो. प्रेक्षकाच्या डोळ्यात बघायची भीती त्याची कधीच मोडली आहे. हे परीक्षकांना सांगायलाच हवं. विचारलं तर दंडारीतलं एखादं पाऊल करून दाखव म्हणावं. फक्त एक जपायला सांगा. दंडारीत अंग मोकळं सोडून, पुढे झुकून नाचायची सवय असते, कथकमध्ये पाठ ताठ आणि खांदे स्थिर हवेत. तेवढं मॅडमकडून तपासून घ्या.

मोठ्या भावाशी वाद घालू नका. त्यांना सांगा की कथक पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या वाहून आणलं आहे. लखनौचे शंभू महाराज, लच्छू महाराज, त्यांचे पुतणे बिरजू महाराज, ज्यांना सरकारनं पद्मविभूषण दिलं. आणि लांब कशाला, आपल्या गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना झाडीपट्टी रंगभूमीसाठी 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हे ऐकूनही भाऊ बोलायचे थांबतील असं नाही. पण ते पोरासमोर 'नाच्या' म्हणाले तर तिथे तुम्ही बोललं पाहिजे, एकाच वाक्यात आणि पोराच्या देखत. तुम्ही गप्प राहिलात तर काकांचं म्हणणं बापालाही पटतं, असं पोरगा समजेल. अठरा वर्षांचा मुलगा हे कुणाला बोलून दाखवत नाही, पण चाचणीच्या खोलीत ते त्याच्यासोबत जातं.

कुठे पाठवावं? दोन्हीकडे अर्ज भरा. माझं मन मात्र खैरागडकडे झुकतं. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय 1956 पासून आहे. खैरागडच्या राजा-राणीनं आपल्या वारलेल्या लेकीच्या नावानं राजवाडा दिला आणि त्यात ते उभं राहिलं. संपूर्ण विद्यापीठच गाणं, नाच, नाटक, चित्र, शिल्प यांचं. कथक आहेच, शिवाय लोकसंगीत आणि लोककलेचा स्वतंत्र विभाग आहे, तो तुमच्या पोराच्या फार कामाचा. तुम्ही गोंदियाहून आमगाव, सालेकसा करत डोंगरगड-राजनांदगावला उतरलात की पुढे बस. राजनांदगावहून साधारण 40 किलोमीटर. पोरगा आजारी पडला तर तुम्ही त्याच दिवशी पोहोचता. भाषा हिंदी, आणि गोंदियाकडच्या मुलांना हिंदीची भीती नसते.

पुण्याला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, 1987 पासूनचं. गुरुकुल पद्धतीनं कथक आणि भरतनाट्यम शिकवतात. पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी कथक रुजवलं, त्यामुळे बघायला, ऐकायला तिथे खूप मिळतं. मोठमोठे कार्यक्रम, मोठमोठी माणसं. पण पुण्यात खोली, खानावळ, रिक्षा यांचा खर्च तुमच्या तीन एकरांना जड जाईल. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट जाते, पण जवळजवळ एक दिवस लागतो. दोन्हीकडे घेतलं तर अठरा वर्षांच्या मुलासाठी मी आधी खैरागड आणि एम.ए.साठी पुणे असं म्हणेन. तरी शेवटचा शब्द त्याच्या मॅडमचा घ्या, त्यांनी त्याचे पाय पाहिले आहेत.

अर्जाच्या आणि चाचणीच्या तारखा साधारण मे ते जुलैमध्ये येतात. त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बघा, कुणाच्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका. "आतून करून देतो" म्हणत पैसे मागणारा भेटला तर पाठ फिरवा.

कागदपत्रं मात्र आजपासून. इथे मी थोडी कडक बोलते, कारण चाचणीत पास झालेलं मूल दाखल्यापायी घरी बसलेलं मी पाहिलं आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर आणि जात पडताळणी. सेतू केंद्रात जून महिन्यात पाय ठेवायला जागा नसते, आत्ता जा. राज्याबाहेर जायचं तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते नागपूरच्या विभागीय मंडळाकडून. शाळेतून अर्ज कसा करायचा हे निकालाच्या आधी विचारून ठेवा. आधार, गुणपत्रिका आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रमाणपत्रं यांवर नाव एकसारखं आहे का ते अक्षर अक्षर ताडून बघा. वडिलांच्या नावात एक वेलांटी वेगळी निघते आणि दोन महिने जातात. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या महाडीबीटी संकेतस्थळावर असतो, पण परराज्यात शिकताना कोणती लागू होते हे गोंदियाच्या समाजकल्याण कार्यालयात तोंडी न विचारता लेखी विचारा.

वसतिगृहात जागा आहे का, जेवण कसं, हे तिथे शिकणाऱ्या मुलांना विचारा. आणि निघण्यापूर्वी पोराला एक गोष्ट शांतपणे सांगा. गुरूचा मान ठेवायचा, पण गुरू असो की सीनियर, कुणी अंगाला नकोसा हात लावला, एकट्याला नको तिथे बोलावलं, तर त्याच रात्री घरी फोन करायचा. प्रवेश गेला तरी चालेल, घरी कुणी रागावणार नाही. मुलांना हे कुणी सांगत नाही. मुलींना सांगतात, मुलांना गृहीत धरतात.

पोटाचं खरं सांगते. नाचाची पदवी हातात आली म्हणून दुसऱ्या महिन्यापासून पगार सुरू होत नाही. पदवीनंतरची पहिली काही वर्षं तुटपुंजी जातात. शिकवण्या, शाळांची स्नेहसंमेलनं, एखाद्या मंडळीत काम. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर लागतो, नाच बसवणाऱ्याला तिथे काम मिळतं. एम.ए. आणि मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकाची पात्रता परीक्षा पास झाली तर महाविद्यालयात शिकवता येतं. नेटमध्ये नृत्य-नाट्याचा विषय आहे, पण जागा थोड्या. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे, 18 ते 25 वयासाठी, महिना 5,000 रुपये, दोन वर्षं. त्यासाठी गुरूकडे निदान पाच वर्षं शिकलेलं असावं लागतं, तुमच्या पोराची ती झाली आहेत. मोजकीच मुलं निवडतात, तरी अर्ज भरायचा. या सगळ्यातून माणूस उपाशी राहत नाही, पण श्रीमंतही होत नाही. हे तुम्ही दोघांनी आणि त्यानं एकत्र बसून आत्ताच बोलून घ्या. शेत विकून किंवा गहाण ठेवून पाठवायची वेळ येत असेल, तर पाठवू नका. अशा ओझ्याखाली पोराचा पाय हलका पडत नाही.

आणि यंदा नाहीच घेतलं, तर? जवळच्या कॉलेजात बी.ए.ला घाला, मॅडमकडे विशारद सुरू ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा जाऊ द्या. पदवी दुसऱ्या विषयातली आणि जोडीला विशारद, एवढ्यावरही काही विद्यापीठं नृत्याच्या एम.ए.च्या चाचणीला बसू देतात. हे त्याला आधी सांगा, निकालानंतर नव्हे. मागे दार उघडं आहे हे माहीत असलं की मूल मोकळं नाचतं.

राहिला तुमचा आणि शेताचा प्रश्न. चाचणीची तारीख बरोबर रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, येऊ शकते. चाचणीआधी पंधरा दिवस पोराला धानाच्या बांधीत उतरवू नका. चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या की अनवाणी तत्कार करणं फार कठीण, आणि त्या लवकर बऱ्या होत नाहीत. घरातले कुरकुरतील. शंकरपटाच्या शर्यतीआधी पटाच्या बैलाला नांगराला कुणी जुंपत नाही, एवढंच त्यांना सांगा. चाचणीला तुम्ही स्वतः सोबत जा, आदल्या दिवशी पोहोचा, दाराबाहेर थांबा आणि इतर पालकांशी तुलनेच्या गप्पा नकोत. तो बाहेर आला की "काय झालं?" विचारू नका, आधी पोटभर जेवू घाला. सांगायचं ते तो परतीच्या गाडीत सांगेल, नाहीतर चार दिवसांनी सांगेल.

तेव्हा रोवण्याच्या बायांना आणि ट्रॅक्टरवाल्याला आत्ताच कल्पना देऊन ठेवा, की तारीख आली तर त्या दोन दिवसांत तुम्ही बांधीवर नसाल आणि मोठ्या भावालाच उभं राहावं लागेल. त्यांना विचारायला तुम्ही स्वतः जा, पोराला पाठवू नका.

— तुमची ताई